तालमीच्या गावातली जिम

पुण्याची मैत्रीण जिमबद्दल बोलायला लागली की पॅकेजवर घसरते. क्वार्टरली, हाफ इयरली, वर पर्सनल ट्रेनरचे वेगळे. बेंगळुरूतला मावसभाऊ मोबाइलवर स्लॉट बुक केल्याशिवाय घाम गाळत नाही. २०१६ मध्ये तिथं सुरू झालेल्या क्युअरफिटनं ही सवय लावली. आणि आमच्या कोल्हापुरात? 'जिम लावली' म्हणून सांगा, समोरचा पहिल्यांदा विचारणार, "का रं, तालीम बंद पडली काय?"

त्याचं बरोबर आहे हो. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी... इथं पेठेची ओळखच तालमीनं होते. शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान तयार झालं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणणारे खाशाबा जाधव आमच्या राजाराम कॉलेजचे. आणि तालीम म्हणजे नुसते जोर-बैठका नव्हेत. गणपती तिचा, फुटबॉलची टीमही तिची. पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की शाहू स्टेडियममध्ये कोण कुठल्या पेठेचं ते ओरडण्यावरून कळतं.

त्यामुळे इथं जिम काढणाऱ्याची खरी स्पर्धा शेजारच्या जिमशी नसतेच. ती असते लाल मातीशी. तालमीची वर्गणी किरकोळ, खरा खर्च खुराकाचा. दूध, तूप, बदामाची थंडाई. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून ग्लास हातात देतात. अशा गावात एसी आणि आरशांसाठी वर्षाचे पैसे आगाऊ मागायचे म्हणजे धाडसच!

शिवाय धंद्याचं गणितच उलटं. समजा, जिममध्ये दहा ट्रेडमिल आहेत आणि मेंबर पाचशे. सगळे रोज आले तर मालक गॅसवर. जानेवारीत पैसे भरून फेब्रुवारीत गायब होणारी मंडळीच त्याचं भाडं भरतात. तालमीत पोरगं दोन दिवस दिसलं नाही की वस्तादाचा निरोप घरी. जिमकडून मेसेज येतो, तोही रिन्यूअलचा.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, ही तालमीची फॅन. आहेच. पण आमच्या घरापासून तालीम दोन मिनिटांवर असूनही अठ्ठावीस वर्षांत मी तिचा उंबरा ओलांडलेला नाही. दादा गेला, काका गेले, बाबा तर लग्न होईपर्यंत जात. मी गॅलरीतून शड्डूचे आवाज ऐकले. 'पोरींनी तिकडं जायचं नसतं' हे कुणी सांगावंही लागलं नाही.

जिमनं मला फक्त पैसे विचारले. आठ-आठ तास लॅपटॉपपुढं बसून आखडलेल्या पाठीला आणखी काय हवं? पण तिथंही मेख निघालीच. लेडीज बॅच दुपारी बारा ते चार! ऑफिसला जाणाऱ्या कुठल्या बाईला दुपारी बारा ते चार वेळ असतो? मी विचारलं, तर मालक म्हणाले, "मॅडम, लेडीज दुपारीच येतात." अहो, दार तेव्हाच उघडता म्हणून!

मग दुसरी जिम शोधली, सगळ्यांसाठी एकच वेळ असलेली. आई चार दिवस बोलली नाही. बाबांचा आक्षेप वेगळाच, प्रोटीन पावडरीच्या डब्याला. "ह्यात काय हाय? पिठी?" दुसऱ्या दिवसापासून टेबलावर भिजवलेले बदाम आणि दुधाचा ग्लास. परवानगी देतोय असं ते काही म्हणाले नाहीत.

इथून पन्नासेक किलोमीटरवर, सांगलीत, २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. म्हणजे मातीला पोरींचं वावडं नाही, सवय नाही एवढंच. एखाद्या तालमीनं माझ्यासारखीसाठी संध्याकाळचा तासभर मोकळा ठेवला तर मी वर्षाची वर्गणी आजच भरीन. सप्टेंबर २०२५ मध्ये जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी आमच्या जिमच्या बोर्डावरचा आकडा जागचा हललेला नाही. तेव्हा पैसे कुठंतरी जाणारच आहेत.

तोवर सातच्या बॅचला आम्ही सहाजणी आहोत. दहा झालो तर लेडी ट्रेनर ठेवतो, असं मालकांनी कबूल केलंय. अजून चौघी हव्यात. येताय?