निळी लुखा

मेघालयात शिलाँगहून जोवाईमार्गे सिल्चरकडे जाणारा महामार्ग सोनापूरजवळ लुखा नदी ओलांडतो. पावसाळ्यात ही नदी इतर डोंगरी नद्यांप्रमाणेच गढूळ असते. हिवाळ्यात प्रवाह ओसरला की पाणी निळेभोर होते. प्रवासी पाहून मोहतात. परंतु २००७ च्या सुमारास हा रंग प्रथम दिसला, तेव्हा मेलेले मासेही तरंगताना दिसले होते.

जैंतिया टेकड्यांत कोळशाचे थर पातळ आहेत. माणूस सरपटत शिरेल एवढीच बिळे पाडून कोळसा काढला गेला. त्यात गंधक व लोह यांचे संयुग असते. हवा आणि पाणी लागताच त्यापासून गंधकाम्ल तयार होते व लोह विरघळते. हे पाणी ओढ्यांतून लुनार या उपनदीत आणि पुढे लुखेत उतरते. शुद्ध पाण्याचा पीएच ७ असतो. येथील काही ओढ्यांत तो ४ च्याही खाली गेलेला आहे. अशा पाण्यात माशांचे कल्ले निकामी होतात. लोहाचा तांबूस गाळ तळाशी बसून अंडी व जलकीटक गुदमरतात. मासे संपले की खंड्या आणि पाणमांजर यांचेही अन्न संपते.

१७ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या उत्खननावर बंदी घातली. तरीही सोडून दिलेली बिळे आम्ल पाझरतच आहेत. मालक निघून गेला, कोळसा जळून गेला; नदीवरचे ऋण मात्र फिटलेले नाही.

श्रावकाच्या घरी पाणी गाळून घेतात आणि गाळण्यातील जीव त्याच जलाशयात परत सोडतात. आम्लाने मेलेल्या ओढ्याचे पाणी गाळले, तर वस्त्रावर परत सोडण्याजोगे काहीच उरणार नाही. उपासकदशांग सूत्रात श्रावकासाठी वर्ज्य सांगितलेल्या १५ कर्मादानांत अंगारकर्म आणि भूमी फोडण्याचे स्फोटकर्मही आहे. आज स्वतः खाण न खोदणारा व्यापारीही भट्टीसाठी कोळसा विकत घेतो. तो कोठून आला, हे विचारणे त्याच्या हाती आहे.

उपाय आहेत. उघडी बिळे बुजविता येतात. चुनखडीच्या चरांतून पाणी नेल्यास आम्ल शमते, आणि चुनखडी त्याच टेकड्यांत विपुल आहे. त्याला खर्च येतो. कोळशाच्या भावात तो कधी धरलाच गेला नव्हता.