घराण्याची हनुवटी

“नात अगदी आजीच्या वळणावर गेली हो!” असं कुणी म्हटलं की घरात सगळ्यांना बरं वाटतं. आमच्या धाकटीने मात्र आजीची हनुवटीच उचलली. खालचा जबडा पुढे, वरचे दात आत. “घराण्याची ठेवण आहे, दुधाचे दात पडले की बसेल जागेवर,” हेही ऐकून झालं.

ठेवण घराण्याची असते हे खरंच. युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्यात अशी हनुवटी पिढ्यान्‌पिढ्या चालली. स्पेनच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला (१६६१–१७००) तर नीट चावताही येत नसे म्हणतात. पण आपोआप बसेल, हे काही खरं नाही. वरच्या जबड्याची वाढ आधी आटोपते आणि खालचा वयात आल्यावरही वाढत राहतो. म्हणून मैत्रिणींनो, वाट पाहू नका. सातव्या वर्षी मुलाला दात मिटायला सांगा. वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या आत जात असतील, तर ऑर्थोडॉन्टिस्टना दाखवा. सरकारी दंत महाविद्यालयांतही हा विभाग असतो.

काहींचे नुसते दात अडखळतात. त्यांचं साध्या प्लेटवर भागतं. वरचा जबडाच मागे राहिला असेल, तर टाळूला स्क्रूची पट्टी बसवतात. डॉक्टर सांगतील तसा तो स्क्रू किल्लीने आपणच फिरवायचा. मग कपाळ नि हनुवटीवर टेकणारा मुखवटा येतो. त्याची रबरं वरच्या दातांना अडकवली की जबडा हळूहळू पुढे ओढला जातो. दिवसाकाठी बारा-चौदा तास, म्हणजे संध्याकाळपासून सकाळपर्यंत, तो लावायचा. दहा वर्षांच्या आत याचा गुण चांगला येतो.

हनुवटी लाल झाली तर आत मऊ सुती कापड लावा. चिक्की, फुटाणे बंद. किती तास लावला ते कॅलेंडरवर मुलालाच लिहू द्या.

डॉक्टर हमी देत नाहीत, हेही सांगते. पुढे खालचा जबडा फार वाढलाच, तर वाढ थांबल्यावर शस्त्रक्रिया करावी लागते.

आणि एक विनंती. “मुलीची जात, लग्नात अडेल,” असं तिच्यादेखत बोलू नका. आमच्या सासूबाईंनी जन्मभर पेरू विळीवर चिरूनच खाल्ला, पुढच्या दातांनी चावा कधी घेता आला नाही. रात्री नातीची रबरं आता त्याच अडकवतात आणि म्हणतात, “तुला पेरू चावून खाता यायला हवा, बाळ.” मुलीला एवढंच कारण पुरतं.