मुंबई ते लंडन : कोस किती, तास किती?

आता आडगावच्या घरांतलीही मुले शिकायला, नोकरीला विलायतेत गेली आहेत. त्यांच्याकडे निघालेली वडीलधारी मंडळी विचारतात, "साहेब, लंडन किती लांब?" सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. हा आकडा बदलत नाही. तास मात्र बदलतात.

शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून पाहा. भिंतीवरच्या नकाशात पट्टीने आखलेल्या रेघेपेक्षा तो बराच उत्तरेकडून जातो : बलुचिस्तान, इराण, कॉकेशसचे डोंगर, युक्रेन, पोलंड. ही खरी जवळची वाट. पण आकाशालाही बांध असतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले आणि युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये, ऐन आंब्याच्या हंगामात, पाकिस्तानने भारतीय विमानांची वाट अडवली. वळसा पडला की वेळ वाढतो, इंधन वाढते.

वाऱ्याचेही तसेच. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना विमान धारेविरुद्ध चालणाऱ्या होडीसारखे. म्हणून वाट मोकळी असली तर जायला साडेनऊ-दहा तास आणि यायला त्याहून अर्धा-पाऊण तास कमी. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे एअर इंडियाचे पहिले विमान लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले होते.

तिकिटावरच्या वेळा पाहून फसू नका. दुपारी २ ला निघून संध्याकाळी ७ ला पोचलो, म्हणजे पाच तास, असे वाटते. पण दोन्ही वेळा त्या त्या गावच्या. लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे बसायचे साडेनऊ तास! इन्सुलिन किंवा वेळेवरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून वेळा आधीच लिहून घ्याव्यात, औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. अधूनमधून उठून चार पावले चालावे. पाणी मागायला संकोच कसला?

मे २०२३ मध्ये मी गेलो तेव्हा खिडकीची जागा मिळाली होती. इराणवर तास-तास नुसता तांबूस माळ, मध्येच पाण्याच्या कडेने हिरवी चिंधी. इंग्लंडवर उतरताना मात्र कुंपणांनी आखलेली हिरवी शेते आणि त्यांत पिवळेधमक चौकोन. ते रेपसीड, आपल्या मोहरीचे भावंड. शेजारचा प्रवासी झोपला होता, नाहीतर त्याला दाखवले असते.

याच वाटेने आपला हापूस जातो. फळमाशीमुळे मे २०१४ पासून युरोपने भारतीय आंबा रोखला होता. पुढल्या वर्षी बंदी उठली. देवगडच्या बागेतून उतरलेली पेटी रात्रभर ट्रकने वाशीला येते. पुढे निवड, उष्णतेची प्रक्रिया, थंड करणे, भरणे, तपासणी आणि मग विमान. या सगळ्या धावपळीत आकाशातले दहा तास थोडकेच. फळ खरे तापते ते बागेत आणि रस्त्यावर. निर्यातीचा माल काढायचा तर फळ तयार पण कडक असताना, देठ ठेवून, ऊन चढण्याआधी उतरवा आणि ट्रक येईपर्यंत सावलीत ठेवा.