नऊ वाजता वॉर्डात

प्रिय रूममेट,

परवा फोनवर विचारलंस, ‘तू अजून सरकारी मेडिकल कॉलेजातच? का गं?’ आणि तेवढ्यात मला कॅज्युअल्टीचा फोन आला. उत्तर राहिलंच. आज सविस्तर लिहिते.

पगार हे कारण नाही, ते तुला माहीत आहेच. व्यवसायरोध भत्ता धरला तरी बाहेर प्रॅक्टिस करणाऱ्यांची बरोबरी होत नाही. मंगळवारचंच सांगते. वॉर्डात मायट्रल स्टेनोसिसच्या एक मावशी आहेत. लहानपणी संधिवाताचा ताप आला, त्यात हृदयाची झडप आक्रसली. तुझ्या इंग्लंडात असा पेशंट आता क्वचितच दिसत असेल, आमच्याकडे अजून येतात. मावशींना विचारून डाव्या कुशीवर वळवलं आणि एका मुलाला स्टेथोस्कोपची बेल हलकेच टेकवायला सांगितली. घरातला पहिलाच डॉक्टर होणारा मुलगा. मिनिटभर त्याला काहीच कळेना. मग एकदम चेहरा उजळला. ‘मॅडम, लांब कुठंतरी जातं फिरतंय!’ मावशी म्हणाल्या, ‘ऐका रे सगळ्यांनी.’ आपल्या सरांनी आपल्याला ही घरघर अशीच ऐकवली होती, आठवतं? अशी एक सकाळ मला महिनाभर पुरते.

पण मी परमनंट आहे गं. माझ्या युनिटमधली सहायक प्राध्यापक कित्येक वर्षं १२० दिवसांच्या नेमणुकीवर होती. मुदत संपली की नवा आदेश येईपर्यंत जीव टांगणीला. मुलांची फार लाडकी. गेल्या महिन्यात सोडून गेली. पैशासाठी गेली म्हणतात. मला पटत नाही. चार महिन्यांनी आपण इथे असू की नसू हेच ठाऊक नसेल, तर माणसाचा जीव गुंतणार कसा?

शिकवण्याच्या या जागा आपल्याला सहज मिळालेल्या नाहीत. मुंबईचं जी. एस. मेडिकल कॉलेज आणि के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झालं, तेव्हा शिक्षक भारतीयच हवेत अशी देणगीची अट होती. सरकारी कॉलेजातल्या वरच्या जागा तेव्हा बहुतेक गोऱ्या डॉक्टरांकडे असत. ज्या जागांवर शिकवण्याच्या हक्कासाठी आपली माणसं एवढी झगडली, त्या जागा आज चार-चार महिन्यांच्या बोलीवर भरतात. याचा मला मनापासून राग येतो, आणि कायम नेमणुका झाल्याच पाहिजेत हे मी प्रत्येक बैठकीत बोलते.

डिसेंबरात येशील तेव्हा एक सकाळ माझ्यासाठी राखून ठेव. राउंड नऊला सुरू होतो. तुझा स्टेथोस्कोप घेऊन ये, मुलांना तूही शिकव.

तुझीच,
खोली नंबर १४