कोणाचे हात?

हात धुण्याच्या बाबतीत आम्हां मध्यमवर्गीयांचा अभिमान मोठा. बाहेरून आल्यावर हातपाय धुवावेत, हे ज्यांच्या अंगवळणी लहानपणीच पडले, त्यांना एखादी परिचारिका एका खाटेवरून दुसरीकडे तशीच गेलेली दिसली, की "काय ही बेफिकिरी!" असे उद्गार काढावयास क्षणही लागत नाही. एका रुग्णालयाच्या सामान्य कक्षात, आमच्या थोरल्या भगिनीच्या उशाशी बसून, हे उद्गार आम्ही सतरा दिवस ऐकले. ते आम्हांस अन्यायाचे वाटतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

भगिनीच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली होती. आमच्यासारख्या अध्यापकास तेथे निरीक्षणावाचून दुसरा उद्योग तो कोणता? कक्षात खाटा २८, रात्रपाळीस परिचारिका दोघी, आणि बेसिन एकच. तेही दूर, शौचालयाच्या दारालगत. साबणाची वडी पाण्यात विरघळलेली, हात पुसावयास टॉवेल सर्वांत मिळून एक. थंडीचे दिवस होते. एका परिचारिकेच्या बोटांची पेरे धुऊन धुऊन चिरली होती. आम्ही सहज विचारले, "सिस्टर, हात धुवावयास सवड होत नाही का?" ती म्हणाली, "काका, बेसिनपर्यंत जाऊन येईतो तीन नंबरची सलाईन संपते. मग बोलणी मलाच खावी लागतात."

हा बहाणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी आणि केल्यावर, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, शरीरातील द्रवांशी संबंध आल्यावर, इतकेच नव्हे तर रुग्णाभोवतीच्या वस्तूंना हात लावल्यावरही, हात स्वच्छ केले पाहिजेत. साबणपाण्याने यास दर वेळी ४० ते ६० सेकंद हवेत. फोस आणि विडमर या संशोधकांनी १९९७ साली हिशेब मांडला: अतिदक्षता विभागात हा नियम तंतोतंत पाळावयाचा, तर एका पाळीत सर्व परिचारिकांचे मिळून १६ तास धुण्यातच जातील, अल्कोहोलचे द्रावण खाटेजवळ ठेवले, तर ३ तासांत भागेल. कर्तव्यबुद्धीवर व्याख्याने देणाऱ्यांनी हे गणित एकदा सोडवून पाहावे.

जिनीव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते यांनी प्रत्यक्ष मोजणीच केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत कामाचा रेटा जितका अधिक, तितके हात धुणे कमी, असे आढळले. अतिदक्षता विभागात, जेथे त्याची गरज सर्वांत मोठी, तेथे प्रमाण शेकडा ३६. आणि परिचारिकांचे प्रमाण शेकडा ५२ असता डॉक्टरांचे अवघे ३०! त्याच रुग्णालयात द्रावणाच्या बाटल्या रुग्णाजवळ ठेवल्या, वरिष्ठांनी पाठबळ दिले, तेव्हा १९९४ साली शेकडा ४८ असलेले एकंदर प्रमाण १९९७ पर्यंत ६६ वर गेले.

डॉक्टरांविषयीचा हा आकडा ज्यांना नवलाचा वाटेल, त्यांनी व्हिएन्नाचा इतिहास आठवावा. तेथील प्रसूतिगृहाच्या दोन विभागांपैकी सुइणींच्या विभागात १८४६ साली शेकडा ३ हून कमी माता दगावल्या, डॉक्टरांच्या विभागात ११ हून अधिक. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीस येत. सेमेलवाइसने १८४७ साली त्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवावयास लावले, आणि पुढल्या वर्षी त्या विभागातील मृत्यू शेकडा सव्वावर आले. तरीही अनेक वरिष्ठांना हा शोध मानवला नाही. आपलेच हात दोषी, हे कोणास रुचते?

आमच्या कक्षात शल्यविशारद रोज सकाळी शिष्यपरिवारासह येत, चार-पाच जखमा उघडून पाहत, आणि बेसिनकडे न वळता निघून जात. मागे पट्ट्यांचा ट्रे घेऊन परिचारिका. मोठ्यांनी न पाळलेला नियम धाकट्यांच्या मनात किती दिवस टिकावा? दहाव्या दिवशी भगिनीची जखम चिघळली. कोणाच्या हातांनी, हे सांगणे अशक्य. पण भेटीस आलेल्या आप्तेष्टांनी निकाल देऊन टाकला: सिस्टरच्या!

इंग्लंडात २००४ साली निघालेल्या मोहिमेत "आपण हात धुतलेत ना?" असे रुग्णांनीच विचारावे, यास उत्तेजन दिले गेले. आम्ही हे भगिनीस सांगितले. तिने तो प्रश्न परिचारिकेस दोनदा विचारला; डॉक्टरांस एकदाही नाही.