आईची लाल शाल

आजीबाईंनी माझा हात पुढे ओढला, तळव्यावर एक राखाडी दाणा ठेवला आणि अंगठ्यानं चिरडला. लालभडक डाग! मेंदीसुद्धा इतक्या झटपट रंगत नाही.

मी मेक्सिकोत होते. वाहाका शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर तेओतित्लान देल व्हाये नावाचं झापोतेक विणकरांचं गाव आहे. घरोघरी माग, भिंतींवर लोकरीचे गालिचे आणि अंगणातल्या शेडमध्ये टांगलेले निवडुंगाचे फडे. हो, आपल्याकडे बांधावर दिसतो तोच फड्या निवडुंग. त्यावर पिठासारखे पांढरे ठिपके आणि त्या पिठाखाली रस पीत बसलेल्या कोचिनील किड्याच्या माद्या. मुंग्यांसारख्या शत्रूंनी खाऊ नये म्हणून त्या अंगात कार्मिनिक आम्ल साठवतात. तेच हे लाल. तीनेक महिन्यांनी त्यांना झाडून काढायचं, मारायचं, वाळवायचं. किलोभर मालाला किडे किती? सुमारे दीड लाख!

खरी गंमत पातेल्यात. पाट्यासारख्या दगडावर वाटलेली पूड पाण्यात टाकली. लिंबू पिळलं, रंग शेंदरी. खायचा सोडा घातला, जांभळा! शाळेतल्या लिटमस पेपरनं मला कधी एवढं एक्साइट केलं नव्हतं. तुरटीच्या पाण्यातून काढलेली लोकर हा रंग घट्ट धरून ठेवते.

याच लालवर स्पेननं रग्गड पैसा केला. मेक्सिकोतून जाणाऱ्या मालात चांदीखालोखाल याचा नंबर होता. गुपित एवढं कडक, की हे बी आहे की किडा यावर युरोपात वाद चालायचे. शेवटी १७७७ मध्ये थिएरी द मेनोनव्हिल या फ्रेंच माणसानं वाहाकातून किडे पळवलेच. मग स्वस्त केमिकल रंग आले आणि बाजार बसला. (बाय द वे, आपला ‘किरमिजी’ही फारसी ‘किर्म’वरून आलाय. म्हणजे किडाच.)

आता माझा प्रॉब्लेम. आईसाठी शाल घ्यायची होती. समोर दोन. एक केमिकल रंगाची, स्वस्त. दुसरी कोचिनीलची, जवळजवळ दुप्पट महाग आणि बघतच राहावी अशी. पण आई माळकरी. घरात अंड्याचा केक आला तरी खिडक्या उघडणारी. गुपचूप द्यावी का? तिला कुठून कळणार? पर्समधली लिपस्टिक सहज उलटी केली. बारीक अक्षरांत ‘सीआय ७५४७०’. म्हणजे कार्माइन, म्हणजे हेच किडे. मी, पक्की व्हेज, रोज ओठांना लावून ऑफिसांच्या चकरा मारत होते!

न राहवून फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ. सगळं सांगून टाकलं. दीड लाखाचा आकडासुद्धा.

बराच वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, लाइन कट झाली.

“अगं, माझं सोवळं रेशमाचंच आहे ना,” आई म्हणाली. “ते किडेही उकळूनच मारतात.”

“मग घेऊ?”

“घे. त्या म्हातारीनं एवढं केलंय. पण पंढरपूरला जाताना नाही हं घेणार मी ती.”