आभाळातला मालवाहू

ओझर जवळ असल्यामुळे नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरच्या माणसाला विमानाचं अप्रूप कधी फारसं नव्हतंच. साठच्या दशकात ओझरला एचएएलचा मिग लढाऊ विमानांचा कारखाना उभा राहिला आणि डोक्यावरून मिग जाणं रोजचं होऊन बसलं. शाळेत कानठळ्या बसल्या की मास्तर खडू हातात धरून आवाज ओसरेपर्यंत थांबायचे आणि मग वाक्य जिथं तुटलं तिथून पुढे सुरू करायचे. हेलिकॉप्टरची गोष्ट वेगळी होती. ते आलं की मास्तरसुद्धा व्हरांड्यात यायचे.

मिग दिसेपर्यंत निघून गेलेलं असायचं. हेलिकॉप्टर आधी ऐकू यायचं, बराच वेळ नुसतं ऐकूच यायचं आणि मग कांद्याच्या चाळींवरून सावकाश पुढे सरकायचं. खळ्यात धान्य पाखडणारी आजी सूप खाली ठेवून ओरडायची, "आत व्हा रे पोरांनो, त्याचं वारं पाडंल तुम्हाला!" ते इतक्या उंचावरून जायचं की सुपातला कोंडासुद्धा हलत नसे. पण आजीचं ऐकून आम्ही ओट्यावर चढायचो, तिथून जरा जास्त दिसायचं म्हणून.

हेलिकॉप्टर लढाईत काय करतं, हे आम्हाला १९७१ च्या युद्धाच्या गोष्टींमधून कळलं. मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवला होता. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांनी नव्या पुलाची वाट पाहिली नाही. ९ डिसेंबरपासून जवान हेलिकॉप्टरने नदीपलीकडे रायपुऱ्याला उतरायला लागले आणि ढाक्याची वाट मोकळी झाली. गावातल्या म्हाताऱ्यांना या बातमीचं मोल लगेच कळलं. मराठा सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं हे गाव. पानिपताच्या वेळी यमुना दुथडी भरलेली असताना अब्दाली ती ओलांडून आला आणि आपली फौज अडकली, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. फौजेला नदी आडवी आली की काय होतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मेघनेवरची ती हेलिकॉप्टरं म्हणजे रशियन एम-आय ४. त्याचं पिस्टनचं इंजिन नाकात होतं आणि वैमानिक त्या इंजिनाच्या वर बसत. मिखाईल मिल यांच्या संस्थेने साठच्या दशकाच्या सुरुवातीला एम-आय ८ घडवलं, तेव्हा दोन टर्बाइन इंजिनं उचलून थेट छतावर बसवली. या एका फेरबदलाने बरंच साधलं. नाक मोकळं झाल्यामुळे वैमानिक पुढे, काचेमागे आले. पोटातली जागा सलग झाली. एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्याच्या जोरावर परतायची सोय झाली. २४ जवान किंवा ४ टन माल नेणारं हे हेलिकॉप्टर आपल्या हवाई दलात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आलं. रसद, पूर, भूकंप, सियाचीनच्या वाटेवरचे तळ, सगळीकडे ते राबलं आणि १७ डिसेंबर २०१७ रोजी येलहंका तळावर निवृत्त झालं. या घराण्याची बारा हजारांहून जास्त हेलिकॉप्टरं जगभर बनली. दिसायला बोजड, पण कामाला वाघ.

आता जे दिसतं ते एम-आय १७. मला कित्येक वर्षं दोन्हींत फरक दिसला नव्हता. परवा नातवाने शिकवलं, "आबा, शेपटीचा पंखा बघा ना. आठचा उजवीकडे, सतराचा डावीकडे." पोरगं बरोबर सांगत होतं. अंगकाठी जवळपास तीच, वरची पाच पाती तीच, पण आतली इंजिनं जास्त ताकदीची. विरळ हवेत, डोंगरमाथ्यावर एम-आय ८ ची दमछाक व्हायची, तिथं हे ओझं घेऊन उतरतं. २०१२ पासून दाखल झालेल्या त्याच्या व्ही ५ या प्रकारात तर रात्रीच्या उड्डाणाची उपकरणं आहेत, हवामानाचं रडार आहे, ३६ जवान बसू शकतात. माल भरायची तऱ्हाही बदलली. एम-आय ८ ला मागे दोन बाजूंना उघडणारी दारं होती. व्ही ५ ला त्याऐवजी एकच उतार आहे, आमच्या उपबाजारातल्या कांद्याच्या ट्रॉलीचा फाळका पाडतात तसा तो खाली येतो आणि जवान पाठोपाठ बाहेर पडतात. २०१९ मध्ये दोन मोठ्या पंख्यांचं चिनूक आलं, ते याहूनही जड ओझी उचलतं. पण रोजची हमाली अजून एम-आय १७ कडेच आहे.

जिल्ह्याचं आभाळही बदललं. नाशिकरोडच्या गांधीनगरला २००३ पासून लष्कराच्या वैमानिकांची शाळा आहे. तिथं चीता आणि चेतकवर शिक्षण चालतं. कॅप्टन अभिलाषा बराक मे २०२२ मध्ये तिथूनच लष्कराच्या स्वतःच्या हवाई शाखेच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक होऊन बाहेर पडल्या. आमच्या लहानपणी असं कुणी बोललं असतं तर हसून सोडून दिलं असतं. आणि निवडणूक आली की कुठल्याही गावाच्या माळावर चुन्याने गोल आखून मध्ये 'एच' काढतात, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारतात. पोरं जमतात ती सेल्फीपुरती. हेलिकॉप्टर हे आता सभेच्या मांडवासारखंच, भाड्याने येणारं.

मात्र या यंत्राची दुसरी बाजू नाशिककर विसरू शकत नाहीत. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमध्ये बडगामजवळ एम-आय १७ व्ही ५ पडलं. त्यात नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ते शत्रूने पाडलं नव्हतं, आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं होतं, आणि हवाई दलाने ते पुढे उघडपणे मान्य केलं. २०१३ मध्ये केदारनाथच्या बचावकार्यात याच जातीचं एक हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळून २० जण गेले. लहानपणी आम्ही आभाळात यंत्र बघायचो. आत माणसं असतात, हे वय झाल्यावर उमगलं.

म्हणून तेव्हाचं सगळं चांगलं आणि आताचं वाईट, असं मी म्हणणार नाही. तेव्हाचं नवल खरं होतं, ते पुन्हा येणार नाही. पण डोंगरात अडकलेल्या माणसाला जुनं नवल काय कामाचं? त्याला जास्त ताकदीचं, अंधारात बघू शकणारं आताचंच हेलिकॉप्टर हवं. तेव्हा आठवणी जुन्या असू द्याव्यात, हेलिकॉप्टर मात्र नवंच बरं.